ऑफिसचा फोन : कॉल फॉरवर्डिंग आणि ‘जागेवर आहे की नाही’ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एका ठरावीक मांडणीसाठी आहेत: फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारं एक्स्चेंज (ऑफिसातले कॉल जोडणारा सर्व्हर), टेबलावर येलिंक कंपनीचे आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे फोन आणि बाहेरच्या कॉलसाठी पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन), सिप ट्रंक (नेटवर्कवरून कॉल नेणारी जोडणी) किंवा साध्या तांब्याच्या लाइन. लहान-मध्यम ऑफिसांत हा संच बराच दिसतो. कोड मूळ सेटिंगमधले आहेत. बसवणाऱ्याने ते बदलले असतील तर ॲडमिन मेन्यूतल्या ‘फीचर कोड्स’ या पानावर चालू कोड सापडतात. उदाहरणासाठी रिसेप्शनचं एक्स्टेन्शन (ऑफिसातला आतला नंबर) २०० आणि अकाउंट्सचं २०५ धरलं आहे.

फॉरवर्डिंग नेमकं लागतं कुठे?

तीन ठिकाणी लागू शकतं, आणि निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

पहिली जागा म्हणजे टेबलावरचा फोन. येलिंकमध्ये मेन्यू, मग फीचर्स, मग कॉल फॉरवर्ड असं जाऊन नंबर भरला की तो फोनच्याच मेमरीत बसतो. कॉल आला की फोन एक्स्चेंजला सांगतो, ‘हा कॉल त्या नंबरवर पाठव’. सिप, म्हणजे फोन आणि एक्स्चेंज ज्या पद्धतीने बोलतात, तिच्या भाषेत हा ३०२ क्रमांकाचा निरोप. पण निरोप द्यायला फोन चालू असावा लागतो. वीज गेली, नेटवर्क स्विच बंद पडला किंवा झाडू मारताना केबल निघाली, की फॉरवर्डिंगही गेलं.

दुसरी जागा एक्स्चेंज. *७२ दाबून लावलेलं फॉरवर्डिंग सर्व्हरच्या नोंदीत राहतं. फोन काढून कपाटात ठेवला तरी ते चालतं.

तिसरी जागा फोन कंपनी. कॉल ऑफिसात शिरायच्या आधीच तिथून वळतो. एक्स्चेंजच बंद पडलं तर कामाला येते ती हीच.

रोजच्या वापरासाठी एक्स्चेंज ही एकच जागा ठरवा आणि फोनमधला मेन्यू कोणी वापरू नये असं सगळ्यांना सांगून ठेवा. सगळे कॉल वळवणारं फॉरवर्डिंग दोन्हीकडे लावलं तर एक्स्चेंजचं चालतं, कारण कॉल फोनपर्यंत पोचतच नाही. मग माणूस फोनवरचं फॉरवर्डिंग काढतो, स्क्रीनवरचं चिन्ह जातं, आणि तरीही कॉल मोबाइलवरच जात राहतात.

सगळे कॉल मोबाइलवर वळवायचे आहेत. काय दाबायचं?

आपल्या टेबलावरच्या फोनवरून *७२ आणि त्याला जोडूनच पूर्ण नंबर, मग डायल. पुष्टीचा आवाज ऐकूनच फोन ठेवा. काढायला *७३.

चूक होते ती नंबर लिहिण्यात. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं. ऑफिसात त्याच्याही आधी बाहेरची लाइन घ्यायचा आकडा असतो. तो ९ असेल तर *७२ नंतर ९, मग ०, मग मोबाइलचे दहा आकडे, म्हणजे एकूण बारा आकडे भरायचे. बाहेरच्या लाइनचा आकडा ० असेल तर दोन शून्यं येतात. त्यातलं एक चुकून जास्तीचं पडलंय असं समजून लोक गाळतात आणि कॉल जात नाही. काही ठिकाणी एक्स्चेंज शून्य आपोआप लावतं, तिथे पुन्हा लावायचं नाही.

अंदाज करत बसू नका. त्याच फोनवरून आधी तो मोबाइल लावून बघा. जे आकडे दाबल्यावर मोबाइल वाजला, अगदी तेच *७२ च्या पुढे टाका.

सगळे कॉल नकोत. मी बोलत असेन किंवा उचलला नाही, तरच जावेत.

बोलत असताना वळवायला *९०, काढायला *९१. न उचलल्यास वळवायला *५२, काढायला *५३. नंबर वरच्यासारखाच जोडून. *५२ चा एक फायदा असा की फोन बंद किंवा नेटवर्कबाहेर असला तरी तो लागू होतो.

रोज ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी *५२ हीच योग्य निवड. *७२ लावून विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून असतो आणि फोन मुका.

‘न उचलल्यास’ म्हणजे किती वेळाने? पाच रिंगांनंतर म्हणतात, ते खरं का?

एक्स्चेंज सेकंद मोजतं, रिंगा नाही. फ्रीपीबीएक्समध्ये मूळ वेळ १५ सेकंद आहे. आपल्याकडे कॉल करणाऱ्याच्या कानात वाजणारी घंटी ‘ट्रिंग-ट्रिंग’ आणि मग दोन सेकंद शांतता अशी असते. ०.४ सेकंद आवाज, ०.२ थांबा, ०.४ आवाज, २ सेकंद शांतता, मिळून एक फेरी ३ सेकंदांची. म्हणून १५ सेकंद म्हणजे पाच फेऱ्या. एक्स्टेन्शनच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘रिंग टाइम’ बदलता येतो.

येलिंकच्या स्वतःच्या मेन्यूत मात्र हीच वेळ सहा-सहा सेकंदांच्या टप्प्यांत असते आणि मुळात १२ सेकंद असते. दोन्हीकडे लावलेलं असेल तर फोनचे १२ सेकंद आधी संपतात, फोन कॉल वळवून मोकळा होतो आणि एक्स्चेंजच्या १५ ची पाळी येतच नाही. ‘वेळ वाढवला तरी फरक पडत नाही’ ही तक्रार आली की आधी फोनचा मेन्यू उघडा.

वेळ ठरवताना समोरच्या माणसाचा एकूण वेळ मोजा. इथे १५ सेकंद, मोबाइलवर आणखी २५, म्हणजे तो ४० सेकंद घंटीच ऐकतोय. याच्या पलीकडे ताणू नका.

वळवलेला कॉल मोबाइलवर मशीन उचलतं आणि ग्राहक तिथेच अडकतो. उपाय?

मोबाइलवर व्हॉइसमेल किंवा कॉल उचलणारा सहायक चालू असेल तर एक्स्चेंजच्या दृष्टीने कॉल ‘उचलला गेला’. माणसाने उचलला की यंत्राने, हे त्याला कळत नाही. साध्या फॉरवर्डिंगऐवजी ‘फॉलो मी’ वापरा.

एक्स्टेन्शनच्या ‘फाइंड मी / फॉलो मी’ टॅबमध्ये जा. ‘इनिशियल रिंग टाइम’ म्हणजे आधी टेबलावरचा फोन किती वेळ वाजावा, तो १० सेकंद ठेवा. यादीत मोबाइल नंबर लिहा आणि त्याच्या शेवटी # जोडा. ही एवढीशी खूण राहिली तर एक्स्चेंज तो नंबर आतलं एक्स्टेन्शन समजतं आणि मोबाइल वाजतच नाही. खाली ‘कन्फर्म कॉल्स’ चालू करा. आता मोबाइल उचलल्यावर आधी सूचना ऐकू येते आणि १ दाबल्यावरच कॉल जोडला जातो. मशीन १ दाबत नाही, त्यामुळे कॉल परत येऊन पुढच्या ठिकाणी जातो. फॉलो मी चालू-बंद करायला *२१.

मोबाइलवर कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नाही, ऑफिसचाच दिसतो. हा बिघाड आहे का?

नाही. वळवलेला कॉल म्हणजे ऑफिसातून मोबाइलला लागलेला नवा कॉल. पीआरआय आणि सिप ट्रंकवर फोन कंपन्या सहसा तुमच्या नावावरचाच नंबर बाहेर दाखवू देतात. ग्राहकाचा नंबर पाठवला तर कंपनी तो बदलून मुख्य नंबर लावते किंवा कॉलच नाकारते. ‘पूर्वी फॉरवर्ड चालत होतं, आता कॉल लगेच कटतो’ असं झालं की ट्रंकच्या सेटिंगमध्ये बाहेर कोणता नंबर पाठवला जातोय ते पहिल्यांदा बघा.

मिस्ड कॉल कोणाचा होता हे एक्स्चेंजच्या कॉल नोंदीत सापडतं. वेळ जुळवून आधीचा आलेला कॉल बघायचा.

फॉरवर्डिंगने लाइन अडते का?

अडते, आणि एका कॉलला दोन. एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. बोलणं संपेपर्यंत दोन्ही गुंतलेल्या. ३० चॅनेलच्या (एका वेळी ३० कॉल नेणाऱ्या) पीआरआयवर पंधरा वळवलेले कॉल झाले की सगळं भरलं. १० चॅनेलच्या सिप ट्रंकवर पाच, चार साध्या लाइनवर फक्त दोन. घरून काम करणाऱ्यांसाठी सगळ्या विभागाने *७२ लावलं आणि ग्राहकांना एंगेज टोन यायला लागली, याचं कारण एवढंच. अशा वेळी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर सिप ॲप टाकून तिथेच एक्स्टेन्शन चालवा. मग बाहेर जाणारी लाइन लागत नाही आणि ग्राहकाचा नंबरही दिसतो.

साध्या लाइनवर आणखी एक दुखणं असतं. दोन्ही बाजूंनी फोन ठेवला तरी कधीकधी लाइन सुटत नाही, कारण गेटवेला (साधी लाइन एक्स्चेंजला जोडणाऱ्या यंत्राला) कॉल संपल्याचं कळत नाही. लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल संपल्याची खूण म्हणून विजेची दिशा उलटणं) मिळत असेल तर गेटवेत ते चालू करा. नसेल तर एंगेज टोन ओळखण्याची सोय वापरा आणि त्यात भारतीय टोन भरा: ४०० हर्ट्झ, ०.७५ सेकंद आवाज, ०.७५ सेकंद शांतता. गेटवे अमेरिकेच्या टोनवर सोडला असेल तर तो आपली एंगेज टोन ओळखत नाही आणि रात्रभर लाइन अडकून राहते.

रिसेप्शनच्या फोनवर सगळ्यांचे दिवे कसे लावायचे?

येलिंकचं वेब पान उघडा: फोनवर ओके दाबल्यावर आयपी पत्ता दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाका. ‘डीएसएस की’ (हवं ते काम नेमून देता येणारी बटणं) या विभागात हवी ती की निवडा. टाइप ‘बीएलएफ’ (दुसऱ्या एक्स्टेन्शनची स्थिती दाखवणारा दिवा), व्हॅल्यू २०५, लेबल ‘अकाउंट्स’, लाइन १, आणि ‘एक्स्टेन्शन’ या रकान्यात दोन स्टार. हे दोन स्टार दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्याकडे ओढून घेण्याचा कोड आहे. ते भरलेले असतील तर दिवा लुकलुकत असताना तीच की दाबून रिसेप्शनला तो कॉल उचलता येतो. रकाना रिकामा ठेवला तर ही सोय हमखास चालेलच असं नाही.

दिव्यांचे रंग काय सांगतात?

स्थिर हिरवा म्हणजे फोन रिकामा. जलद लुकलुकणारा लाल म्हणजे तिकडे वाजतोय. स्थिर लाल म्हणजे बोलणं चालू आहे. दिवाच नाही म्हणजे ते एक्स्टेन्शन एक्स्चेंजला जोडलेलं नाही किंवा की चुकीची भरली आहे.

हिरवा दिवा फक्त फोन रिकामा आहे एवढं सांगतो. माणूस खुर्चीत आहे की जेवायला गेलाय, हे त्या दिव्याला माहीत नसतं. ‘हिरवा होता म्हणून जोडला आणि कोणी उचललंच नाही’ यात रिसेप्शनच्या ताईंची काही चूक नसते. माणसाने आपण जागेवर नसल्याचं लावून जायला हवं.

मग ‘मी जागेवर नाही’ हे फोनला कसं सांगायचं?

*७६ दाबा. हे डीएनडी, म्हणजे ‘आत्ता कॉल देऊ नका’. पुन्हा *७६ दाबलं की बंद. फक्त चालू करायला *७८, फक्त बंद करायला *७९. आधीची स्थिती आठवत नसेल तर हे दोन जास्त भरवशाचे, कारण *७६ नुसतं उलटवतं.

येलिंकच्या स्क्रीनखाली ‘डीएनडी’ असं बटणही असतं, पण ते फोनपुरतं आहे. ते लावलं तर कॉल फोनपर्यंत येऊन परत जातो आणि रिसेप्शनचा दिवा हिरवाच राहू शकतो. *७६ एक्स्चेंजमध्ये लागतं, पण त्याची खूण फोनच्या स्क्रीनवर आपोआप येत नाही आणि माणूस ते काढायला विसरतो. दोन्ही अडचणींवर एकच तोड: आपल्या फोनवर एक बीएलएफ की घ्या आणि व्हॅल्यूमध्ये *७६२०५ भरा (२०५ च्या जागी स्वतःचं एक्स्टेन्शन). ती दाबली की एक्स्चेंजमधलं डीएनडी लागतं आणि चालू असेपर्यंत दिवा दिसत राहतो. हीच की रिसेप्शनच्या फोनवरही देता येते, फक्त ती दाबली तर डीएनडी बदलेल हे तिथल्या माणसाला माहीत हवं.

डीएनडी असताना कॉल करणाऱ्याला एंगेज असल्यासारखीच वागणूक मिळते. म्हणजे *९० लावलेलं असेल तर कॉल तिकडे जातो, व्हॉइसमेल असेल तर तिकडे. दोन्ही नसेल तर ग्राहकाला नुसती एंगेज टोन. डीएनडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या एक्स्टेन्शनवर यातलं एक तरी लावलेलं असू द्या.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मी ‘बिझी’ लावलं तरी कॉल येतातच. का?

‘बिझी’, ‘बी राइट बॅक’ आणि ‘अवे’ या पाट्या आहेत. त्या वाचून समोरच्याने थांबावं एवढाच त्यांचा अर्थ, त्या कॉल अडवत नाहीत. अडवतं ते ‘डू नॉट डिस्टर्ब’. त्यातूनही काही माणसांना वाट मोकळी ठेवायची तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली प्राधान्याच्या लोकांची यादी असते, तिथे त्यांची नावं घाला. स्थिती लावताना तिची मुदतही देता येते. मीटिंग एक तासाची असेल तर एक तासच द्या.

टीम्समध्ये फॉरवर्डिंग ‘सेटिंग्ज’मधल्या ‘कॉल्स’ इथे आहे आणि किती सेकंद वाजून पुढे जावं हेही तिथेच. टीम्सची स्थिती आणि टेबलावरच्या फोनचा दिवा यांचा, मुद्दाम जोडणी केलेली नसेल तर, एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्ही वापरत असाल तर दोन्हीकडे लावावं लागतं.

कॉल सेंटरसारख्या रांगेत बसणाऱ्यांनी काय वापरावं?

तिथे *७६ नको आणि *७२ तर नकोच. रांगेत लॉग-इन आणि लॉग-आउट करायला *४५, चहाला उठताना थांबवायला *४६. डीएनडी लावलं तर रांग त्या माणसाला पुन्हा पुन्हा कॉल द्यायला बघते, एंगेज मिळवते आणि ग्राहक तेवढा वेळ ताटकळतो. रांगेच्या सेटिंगमध्ये ‘एजंट रिस्ट्रिक्शन्स’ इथे ‘नो फॉलो मी ऑर कॉल फॉरवर्ड’ निवडा, म्हणजे एखाद्याने फॉरवर्ड लावलं तरी रांगेचा कॉल त्याच्या मोबाइलच्या मशीनवर जाणार नाही. रिंग ग्रुपमध्ये (एका नंबरवर वाजणाऱ्या फोनांच्या गटात) याच कामासाठी ‘इग्नोर सीएफ सेटिंग्ज’ आहे.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्येकाने फॉरवर्ड लावायचं का?

नको. ‘टाइम कंडिशन्स’ वापरा: ऑफिसची वेळ आणि सुट्ट्या एकदाच भरल्या की मुख्य नंबरचे कॉल त्याप्रमाणे वळतात. सर्व्हरचा टाइम झोन आशिया/कोलकाता आहे ना, ते आधी बघा. तो यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर सकाळी १० ला उघडणारं ऑफिस फोनच्या हिशेबी दुपारी साडेतीनला उघडतं.

वीज किंवा इंटरनेट गेलं तर?

फोन बंद आणि एक्स्चेंज चालू असेल तर *७२ आणि *५२ चालतात. एक्स्चेंजच गेलं तर आतलं काहीच चालत नाही. सिप ट्रंक देणाऱ्याकडे ‘फेलओव्हर नंबर’ (एक्स्चेंज बंद पडल्यास कॉल जायचा नंबर) आधीच लावून घ्या. फोनना वीज पुरवणारा पीओई स्विच, राउटर आणि एक्स्चेंज ही तिन्ही एकाच यूपीएसवर हवीत. यातलं एक जरी भिंतीच्या सॉकेटवर राहिलं तर बाकीच्यांना दिलेल्या बॅकअपचा उपयोग नाही.

कॉल फिरत राहतो आणि सगळ्या लाइन भरतात. काय झालंय?

वर्तुळ झालंय. ऑफिसचा फोन *७२ ने मोबाइलवर वळवलेला आणि मोबाइल ‘संपर्कात नसल्यास ऑफिसच्या नंबरवर’. मोबाइल लिफ्टमध्ये गेला की कॉल परत ऑफिसला येतो, तिथून पुन्हा मोबाइलला, आणि प्रत्येक फेरीला दोन चॅनेल खातो. दहा चॅनेल पाच फेऱ्यांत संपतात. मोबाइलवरची फॉरवर्डिंग काढा. सगळ्या प्रकारची एकदम रद्द करण्याचा जीएसएम मोबाइल नेटवर्कचा ठरलेला कोड ##००२#. तो चालला नाही तर मोबाइलच्या कॉल सेटिंगमधून एकेक बंद करा.

कंपनीतून बोलतोय म्हणून कोणी मोबाइलवर स्टारचा कोड दाबायला सांगितला तर?

दाबू नका, फोन ठेवा. *४०१* आणि पुढे अनोळखी नंबर असा कोड दाबला की तुमचे कॉल त्या माणसाकडे जायला लागतात. त्यात बँकेचा बोलून सांगितला जाणारा ओटीपीही येतो. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवरची यूएसएसडी (स्टार आणि हॅशच्या) कोडने होणारी कॉल फॉरवर्डिंग थांबवायला सांगितली आणि आधीच्या ग्राहकांना दुसऱ्या मार्गाने ती पुन्हा लावून घ्यायला सांगितलं. जुन्या माहितीपत्रकातला स्टार कोड तुमच्या मोबाइलवर चालत नसेल तर हे त्याचं कारण असू शकतं.

ऑफिसच्या एक्स्चेंजलाही हाच धोका आहे. कोणी सर्व्हरमध्ये शिरून एक एक्स्टेन्शन परदेशी नंबरवर वळवलं तर रात्रीत मोठं बिल होतं. आयएसडी लागत नसेल तर एक्स्चेंजच्या बाहेर जाणाऱ्या कॉलच्या रूटवर ०० ने सुरू होणारे नंबर बंद करा. येलिंकच्या वेब पानाचा मूळ पासवर्ड ‘ॲडमिन’ असाच सोडलेला असेल तर तो आज बदला.

सगळं लावून झालं. तपासायचं कसं?

तिसऱ्याच मोबाइलवरून. ज्या मोबाइलवर कॉल वळवलेत त्यावरूनच ऑफिसला फोन केला तर तो स्वतः एंगेज असतो आणि चाचणी खोटी ठरते. शेजारच्या एक्स्टेन्शनवरून केलेली चाचणीही अपुरी, कारण तिच्यात बाहेरून येणारी लाइन तपासलीच जात नाही.

चार कॉल करा: एक टेबलावर उचलायचा, एक वाजू द्यायचा, एक दुसरं बोलणं चालू असताना, आणि एक टेबलावरच्या फोनची केबल काढून. प्रत्येक वेळी सेकंद मोजा आणि दोन्ही बाजूंना आवाज येतोय ना ते ऐका. एकाच बाजूचा आवाज आला तर दोष सहसा फॉरवर्डिंगचा नसून राउटरच्या नॅट (आतले-बाहेरचे पत्ते बदलण्याच्या) सेटिंगचा असतो. तिथे ‘सिप एएलजी’ (राउटरने कॉलच्या निरोपांत बदल करण्याची सोय) बंद करून पुन्हा कॉल लावा.

कर्मचारी नोकरी सोडून गेला. त्याच्या एक्स्टेन्शनचं काय?

त्याच दिवशी *७३ आणि पुढे त्याचा एक्स्टेन्शन नंबर दाबून फॉरवर्डिंग काढा, फॉलो मीच्या यादीतून त्याचा मोबाइल पुसा, व्हॉइसमेलचा पासवर्ड बदला. *९१ आणि *५३ सुद्धा त्याच पद्धतीने. फोनचा मेन्यूही उघडून बघा. पुढचा माणूस त्या टेबलावर बसल्यावर ग्राहकांचे कॉल जुन्या माणसाच्या खिशात वाजायला नकोत.